शंका-समाधान : लॅपटॉपची दुसरी प्रत

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : हार्ड डिस्क आणली, लॅपटॉपला जोडली, आता पुढे काय? म्हणून या वेळचं सगळं सदर बॅकअपलाच दिलं आहे. लांबलचक पत्रं आटोपशीर केली आहेत आणि एकसारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आहे. बॅकअपसाठी ५०० जीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क पुरेल का, की तिथेही एसएसडीच घ्यावी? शिवाय १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. ही फसवणूक नाही का?

उत्तर : फसवणूक नाही, मोजमापाचा घोळ आहे. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात. विंडोज १,०२४ च्या पटीने मोजतं, त्यामुळे तेच बाइट ९३१ जीबी भरतात. मॅकवर तीच डिस्क १ टीबी दिसेल.

५०० जीबीची घेऊ नका. साधा हिशेब असा : लॅपटॉपची जेवढी साठवण, त्याच्या दुप्पट बॅकअपची डिस्क. कारण नीट घेतलेल्या बॅकअपमध्ये फाइलची आजचीच नाही, तर आधीची रूपंही राहतात, आणि ती जागा खातात. तुमच्यासाठी १ टीबी किमान. २ टीबी घेतलीत तर काही वर्षं बघायला नको.

फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क या कामाला पुरते. एसएसडी वेगवान असते आणि पडली तरी सहसा टिकते, म्हणून रोज पिशवीतून ने-आण होणार असेल तर ती बरी. पण वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवण्यासाठी एसएसडीवर विसंबू नका. तिच्यातला डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठलेला असतो आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिली, तर तो भार हळूहळू ओसरतो. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, बॅकअपला नाही.

प्रश्न : मला संगणकातलं फारसं कळत नाही. सरळ कॉपी-पेस्ट केलं तर चालेल का? नक्की काय काय कॉपी करायचं? मी अख्खा सी ड्राइव्ह कॉपी करायला घेतला, तर मध्येच ‘परवानगी नाही’ असं आलं.

उत्तर : कॉपी-पेस्ट चालतं. पण अख्खा सी ड्राइव्ह कॉपी करण्यात अर्थ नाही. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले, तरी त्यातले प्रोग्रॅम तिथून चालत नाहीत. ते पुन्हा इन्स्टॉलच करावे लागतात. तुमचं म्हणावं असं जे आहे ते बहुतेक एकाच जागी असतं : सी ड्राइव्ह, त्यात ‘यूजर्स’, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक आणि डाउनलोड्स घ्या. डाउनलोड्सला कचरापेटी समजून लोक सोडून देतात आणि नेमकी प्रमाणपत्राची पीडीएफ तिथेच असते. डी ड्राइव्ह असेल तर तोही उघडून बघा.

डिस्क जोडा. डाव्या बाजूला ‘धिस पीसी’मध्ये ती दिसेल. तिच्यावर नवा फोल्डर करा आणि त्याला तारखेचं नाव द्या, पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आता वरचे सहा फोल्डर निवडून कंट्रोल आणि सी, डिस्कवरच्या नव्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही. कंट्रोल आणि एक्स नव्हे. ‘कट’ केलं की लॅपटॉपवरची फाइल जाते आणि डिस्कवर एकुलती एक प्रत उरते. जागा करायची म्हणून फोटो डिस्कवर हलवले आणि त्यालाच बॅकअप म्हटलं, असं पुष्कळदा होतं. तो बॅकअप नाही, नुसतं स्थलांतर आहे.

कॉपी-पेस्टमध्ये सुटणाऱ्या काही गोष्टी आहेत. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड ‘ॲपडेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतात. बुकमार्क ब्राउझरमधूनच एक्स्पोर्ट करून ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवणं सोपं. आउटलुकची मेल लॅपटॉपवर साठत असेल तर तिची पीएसटी फाइल सहसा डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात असते. आउटलुक उघडं असताना ती कॉपी होत नाही, म्हणून आधी ते बंद करा. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये केलेलं लिखाण असेल, तर त्या फॉन्टच्या फाइलसुद्धा बरोबर ठेवा. फॉन्ट नसेल तर दहा वर्षांनी तो मजकूर उघडेल, पण वाचता येणार नाही.

प्रश्न : दुसऱ्यांदा बॅकअप घेताना ‘रिप्लेस’ की ‘स्किप’ असं विचारतं. काय निवडायचं?

उत्तर : दोन्हींत धोका आहे. ‘स्किप’ केलंत तर डिस्कवर त्याच नावाची जी जुनी फाइल आहे ती तशीच राहते, म्हणजे गेल्या महिन्यात त्या फाइलमध्ये केलेलं काम बॅकअपमध्ये येत नाही. ‘रिप्लेस’ केलंत आणि लॅपटॉपवरची फाइल मधल्या काळात खराब झाली असेल, किंवा चुकून कोरी करून सेव्ह झाली असेल, तर डिस्कवरची चांगली प्रतही पुसली जाते.

जागा आहे तोवर दर वेळी तारखेचा नवा फोल्डर करा आणि सगळं नव्याने कॉपी करा. शेवटचे तीन ठेवा. चौथा पूर्ण झाला की सगळ्यांत जुना काढा. क्रम महत्त्वाचा : आधी नवा पूर्ण, मग जुना डिलीट. याचा कंटाळा येत असेल, आणि तो येतोच, तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : विंडोज ११ मध्ये आपोआप बॅकअप होण्याची काही सोय आहे का? ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप उघडलं, पण त्यात माझी हार्ड डिस्क कुठेच दिसत नाही.

उत्तर : दिसणार नाही, कारण ते ॲप तुमच्या फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवर पाठवतं. तुम्हाला हवी ती सोय म्हणजे ‘फाइल हिस्ट्री’. ती विंडोज ८ पासून आहे, पण विंडोज ११ मध्ये जरा अडगळीत टाकली आहे.

डिस्क जोडा. कंट्रोल पॅनेल उघडा, ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’, मग ‘फाइल हिस्ट्री’. तुमची डिस्क तिथे दिसत असेल. ‘टर्न ऑन’ दाबा. पहिला फेरा लांबतो, पुढचे झटपट होतात, कारण मग फक्त बदललेल्या फाइलच उचलल्या जातात. डिस्क जोडलेली असेल तर हे दर तासाला होतं.

डावीकडे ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जाऊन एक बदल लगेच करा. जुनी रूपं किती काळ ठेवायची, याचं मूळ उत्तर तिथे ‘फॉरएव्हर’ असं असतं. तसंच ठेवलं तर कधीतरी डिस्क भरते आणि बॅकअप थांबतो. ते तुमच्या लक्षात आलं नाही, की गेले सहा महिने काहीच साठलेलं नाही हे कळतं ते नेमकं नको त्या दिवशी. तिथे ‘अन्टिल स्पेस इज नीडेड’ निवडा.

फाइल हिस्ट्री सगळा लॅपटॉप घेत नाही. डेस्कटॉप आणि ‘लायब्ररी’त असलेले फोल्डर, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे, एवढंच ती घेते. डी ड्राइव्हवर तुमचा ‘हिशेब’ नावाचा फोल्डर असेल तर त्यावर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘इन्क्लुड इन लायब्ररी’ असं करून त्याला आत घ्यावं लागतं.

हवी ती फाइल परत आणायची तर त्याच पानावर ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’. खालच्या बाणांनी मागच्या तारखांना जाता येतं आणि हिरवं गोल बटण दाबलं की फाइल मूळ जागी परत येते. लॅपटॉपच गेला असेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून ‘फाइलहिस्ट्री’ फोल्डर नुसता उघडला तरी फाइल मिळतात. फक्त प्रत्येक नावापुढे तारीख-वेळ जोडलेली असते, त्याने गोंधळू नका.

प्रश्न : डेस्कटॉपवरच्या काही फाइलवर ढगाचं चिन्ह आहे. त्या बॅकअपमध्ये येतात का?

उत्तर : ढग म्हणजे फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच, दिसतंय ते फक्त तिचं नाव, फाइल वनड्राइव्हवर आहे. फाइल हिस्ट्री ती उचलत नाही. हाताने कॉपी केली तर आधी ती इंटरनेटवरून उतरवली जाते, म्हणून वेळ लागतो आणि नेट गेलं की कॉपी अडकते. बॅकअपआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा. ‘सगळं वनड्राइव्हवर आहेच की’ असंही एका पत्रात आहे. ते सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती सारख्या ठेवणं. तुम्ही इथे डिलीट केलं की तिथूनही जातं, आणि तिथल्या रिसायकल बिनची मुदत संपली की कायमचं.

प्रश्न : घरात एक विंडोज लॅपटॉप आणि एक मॅकबुक आहे. एकच डिस्क दोघांना चालेल का?

उत्तर : चालवता येते, पण आमचा सल्ला दोन वेगळ्या डिस्कचा. कारण ‘फॉरमॅट’, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची पद्धत. बाजारातल्या बहुतेक डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये येतात. एनटीएफएसमधलं मॅक वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. उलट मॅकच्या एपीएफएस पद्धतीची डिस्क विंडोजला मुळीच वाचता येत नाही. एक्सफॅट दोघांना चालते, पण लिहिताना मध्येच केबल निघाली तर तिच्यात घोटाळा होण्याचा संभव एनटीएफएसपेक्षा जास्त. जुन्या फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही. ‘जागा आहे, तरी व्हिडिओ का जात नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच.

मॅकवरच्या ‘टाइम मशीन’ला, म्हणजे आपोआप बॅकअप घेणाऱ्या सोयीला, स्वतःची मोकळी जागा लागते. डिस्क निवडलीत की ती पुसून एपीएफएस करू का, असं ते विचारतं. हो म्हटलं की डिस्कवरचं आधीचं सगळं जातं. त्यानंतर मात्र तुम्हाला काही करावं लागत नाही. गेल्या २४ तासांचे दर तासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे दर आठवड्याचे बॅकअप ते ठेवतं आणि डिस्क भरली की सगळ्यांत जुना आपणहून काढतं.

प्रश्न : ३०० जीबी कॉपी व्हायला नऊ तास लागले. डिस्क खराब आहे का?

उत्तर : आधी केबल आणि पोर्ट बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे ३०० जीबीला तासाभराच्या आत. यूएसबी २ मधून तोच वेग ३०-४० एमबीवर येतो आणि त्याच कामाला अडीच तासांच्या घरात लागतात. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये बऱ्याचदा निळी पट्टी असते. पुष्कळ पोर्टेबल डिस्कची खाच रुंद, दोन भागांची असते. त्यातल्या मोठ्या भागात फोनची जुनी मायक्रो यूएसबी केबल बसते आणि डिस्क चालूही होते, पण यूएसबी २ च्या वेगाने. डिस्कबरोबर आलेलीच केबल वापरा.

एवढं करूनही नऊ तासांचा हिशेब लागत नसेल तर फाइलची संख्या बघा. हार्ड डिस्कला एक ५० जीबीची फाइल सोपी, पण ५ जीबीच भरणाऱ्या १ लाख बारीक फाइल जड, कारण प्रत्येक फाइलची वेगळी नोंद करायला तिची सुई इकडून तिकडे धावते. शिवाय बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. अशा डिस्क सुरुवातीला जोरात लिहितात आणि तासाभराने रखडतात. तो दोष नाही, घडणच तशी आहे. पहिला बॅकअप रात्री लावा, चार्जर जोडून ठेवा आणि पॉवर सेटिंगमध्ये लॅपटॉपचं झोपणं तेवढ्यापुरतं ‘नेव्हर’ करा. नाहीतर तुमच्याआधी लॅपटॉप झोपतो.

प्रश्न : काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करायला जावं तर ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं येतं. मग मी सरळ ओढून काढते. चालतं ना?

उत्तर : दहापैकी नऊ वेळा चालतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या सुधारणेपासून बाहेरच्या डिस्कवर लिखाण साठवून न ठेवता लगेच लिहिण्याची पद्धत मूळ म्हणून आली, त्यामुळे धोका कमी झाला. पण लिहिणं चालूच असताना केबल निघाली, तर अर्धवट फाइलवर भागत नाही, फाइलची यादीच बिघडू शकते. त्या डिस्कवरची फाइल किंवा फोल्डर कुठे उघडा आहे का बघा, ते बंद करा, मिनिटभर थांबा. अँटिव्हायरसची तपासणीही चालू असू शकते. तरी ऐकलं नाही तर लॅपटॉप शटडाउन करा आणि मग काढा. इजेक्ट झाल्यावरही दहा सेकंद डिस्क हलवू नका. आतली तबकडी अजून फिरत असते आणि अशा वेळी बसलेला धक्का बंद डिस्कला बसलेल्या धक्क्यापेक्षा महागात पडतो.

प्रश्न : डिस्क लावली की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं येतं. आत दोन वर्षांचे फोटो आहेत. फॉरमॅट करू का?

उत्तर : नाही. ‘कॅन्सल’ दाबा. विंडोजला त्या डिस्कची मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅकवर वापरलेली असेल तर ती मॅकवरच लावून बघा. नसेल तर केबल बदला, पोर्ट बदला, दुसरा संगणक बघा. हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) वापरत असाल तर तो काढून थेट लॅपटॉपला जोडा. कमी वीज मिळाली तरी असं होतं.

या सगळ्यात कान डिस्कशी ठेवा. एकसारखी हलकी घरघर ठीक. पण टक्... टक्... टक्... असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, आणि केबल-पोर्ट बदलूनही तो थांबत नसेल, तर डिस्क लगेच काढा आणि पुन्हा जोडू नका. आतल्या यंत्रणेला तबकडीवरची जागा सापडत नाहीये. प्रत्येक प्रयत्नात तबकडी आणखी खरवडली जाऊ शकते. दुरुस्तीचं कोणतंही सॉफ्टवेअर अशा डिस्कवर चालवू नका. फोटो मोलाचे असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावं लागेल.

प्रश्न : डिस्क कायम जोडलेली ठेवली तर दर तासाला बॅकअप होईल. मग काढायची कशाला?

उत्तर : कारण लॅपटॉपवर जे संकट येईल तेच जोडलेल्या डिस्कवरही येईल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. अशी खंडणीखोर सॉफ्टवेअर लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही सोडत नाहीत. विजेचा झटका, चोरी, टेबलावर सांडलेलं पाणी यांचंही तसंच. जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा सोपा अवतार म्हणजे दोन डिस्क. एक आठवड्यातून दोनदा जोडायची, दुसरी महिन्यातून एकदा अद्ययावत करून नातेवाइकांकडे किंवा कामाच्या ठिकाणी ठेवायची.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड हवाच. लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येणार नाही असा केलेला असला, तरी त्यातून बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलेल्या फाइल उघड्याच असतात, याची अनेकांना कल्पना नसते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्या डिस्कवर राइट क्लिक करून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच कुलूप, लावता येतं. होम आवृत्तीत बिटलॉकर लावलेली डिस्क उघडते, पण नव्याने लावता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. टाइम मशीनमध्ये ‘एन्क्रिप्ट बॅकअप’चा पर्याय डिस्क निवडतानाच असतो. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर डिस्क उघडणारी) कागदावर लिहा. ती त्याच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करणं.

प्रश्न : लॅपटॉप बंद पडला तर या डिस्कवरून विंडोज चालू होईल?

उत्तर : नाही, फाइलच्या प्रतीवरून संगणक सुरू होत नाही. अख्ख्या ड्राइव्हची ‘सिस्टिम इमेज’ घेण्याची जुनी सोय कंट्रोल पॅनेलमध्ये अजून आहे, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. नवशिक्यांनी तिच्या नादी लागू नये. एक ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर ‘रिकव्हरी ड्राइव्ह’, म्हणजे बंद पडलेलं विंडोज दुरुस्त करण्याचं साधन, बनवून ठेवा. पेन ड्राइव्ह आधी पुसला जातो, म्हणून मोकळाच घ्या.

प्रश्न : बॅकअप नीट झाला हे ओळखायचं कसं?

उत्तर : उघडून. ‘कॉपी पूर्ण’ या सूचनेवर थांबू नका. हाताने कॉपी केली असेल तर आधी लॅपटॉपवरच्या आणि डिस्कवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा आणि फाइलची संख्या व ‘साइझ’ ताडून पाहा. त्याखालचा ‘साइझ ऑन डिस्क’ जुळला नाही तर चिंता नको. डिस्कवर जागा ठरावीक आकाराच्या खणांत वाटलेली असते, आणि एक्सफॅटच्या मोठ्या डिस्कवर २ केबीची चिठ्ठीसुद्धा सहसा १२८ केबीचा अख्खा खण अडवते. संख्येत पाच-दहाचा फरक लपलेल्या फाइलमुळे पडू शकतो. शेकड्यांचा फरक असेल तर काहीतरी सुटलं आहे. फोल्डरात फोल्डर करत गेलं की फाइलचा पत्ता, म्हणजे वरच्या सगळ्या फोल्डरांच्या नावांसकट तिचं नाव, २६० अक्षरांपलीकडे जातो आणि विंडोज अशा फाइल कॉपी करताना अडतं. तिथे वरच्या फोल्डरांची नावं आखूड करा आणि तेवढाच भाग पुन्हा कॉपी करा.

मग डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा. सगळ्यांत जुना फोटो, सगळ्यांत मोठा व्हिडिओ, एक एक्सेल फाइल आणि परवा बदललेलं एखादं कागदपत्र उघडा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटाला नेऊन चालवून बघा, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला अगदी सुरळीत चालते. हे दर तीन महिन्यांनी करा. डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून शेवटच्या तपासणीची तारीख लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, पुढच्या वेळी खोडायला सोपं जातं.